एकदोरी डिव्हाइस: स्क्रूला हात लावायच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाने झाडावर एका दोराने चढण्या-उतरण्याचं डिव्हाइस वापरलेलं विकत घेतलंय. त्यात दोन ठिकाणी फिरवून पकड कमी-जास्त करता येते. त्याचं स्वतःचं वजन ५८ किलो, दोर ११.७ मि.मी.चा, नवाकोरा. तक्रारी तीन आहेत. चढताना डिव्हाइस अंगाबरोबर वर येत नाही, हाताने ओढून आणावं लागतं. वर जाऊन बसलं की वीतभर खाली आल्यावर धरतं. उतरताना झटके देतं. बेळगावच्या कॅम्पात रेन ट्रीवर बरं चालतं, जांबोटीला पावसात नेलं की भरवसा वाटत नाही. तर कुठला स्क्रू किती फिरवायचा? आणि ८२ किलोचा थोरला भाऊही तेच डिव्हाइस वापरणार आहे, त्याला चालेल का?

भावा, स्क्रूला अजून हात लावू नकोस. लावला असशील तर पुस्तिकेत दिलेल्या मूळ खुणेवर परत आण. कागदी पुस्तिका मिळाली नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घे. आधीच्या मालकाने डिव्हाइस त्याच्या वजनाला, त्याच्या दोराला बसवलेलं असणार. त्याच्या सेटिंगवरून तू पुढे फिरवत गेलास तर कुठून निघालास तेच कळणार नाही.

वापरलेला माल आहे म्हणून त्याही आधीचं एक काम. डिव्हाइस उघड, उन्हात धर आणि प्रत्येक रिव्हेट, प्रत्येक सांधा बघ. बाजूच्या पट्ट्या एकमेकींना समांतर आहेत का, कुठे केसाएवढी चीर आहे का, स्प्रिंग पूर्ण परत येते का. दोर ज्या खुंट्यांवरून वळतो त्यांच्यावर नख फिरव. नख अडकेल अशी कड तयार झाली असेल तर ती कड दोराची खोळ, म्हणजे बाहेरचं विणलेलं आवरण, कापते. किती झीज चालते त्याची हद्द पुस्तिकेत असते. मागे कोरलेला नंबर घेऊन त्या मॉडेलबद्दल कंपनीने माघारीची सूचना काढली आहे का तेही तपास. यातलं काहीही खटकलं तर ते डिव्हाइस जुळवत बसायचं नाही, बाजूला ठेवायचं.

आता तक्रारींकडे. पहिल्या दोन तक्रारी वेगळ्या दिसतात खऱ्या, पण बहुतेक वेळा त्या एकच असतात. डिव्हाइस अंगाबरोबर वर आलं नाही की ते मागे राहतं. मग तू बसतोस तेव्हा मागे राहिलेलं तेवढं अंतर आधी खाली येतोस आणि मग ते धरतं. यात डिव्हाइसची पकड कमी नाही, ते उशिरा जागेवर येतंय. ही दोन दुखणी ओळखायला सोपी चाचणी आहे. जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर दोरात बस. मग उभा राहा आणि डिव्हाइसच्या अगदी खाली दोरावर शाळेच्या खडूने रेघ मार. पुन्हा बस. रेघ डिव्हाइसच्या आत शिरली तर दोर खरोखर सरकतोय, म्हणजे पकड कमी आहे. रेघ जागच्या जागी आहे आणि तू मात्र खाली आलास, तर ते सगळं अंतर हार्नेसच्या पुढच्या ब्रिजमध्ये (पुढून आडवी जाणारी जोडदोरी), लांब कॅराबिनरमध्ये (उघडझाप होणारी कडी), छातीच्या पट्ट्यात आणि दोराच्या ताणात गेलं. दुसऱ्या प्रकारात स्क्रू कितीही आवळलास तरी वीत ती वीतच राहणार. उलट चढताना ओढ आणखी वाढेल आणि तू पुढच्या वेळी वीतभराच्या जागी हातभर खाली येशील.

तुझं वर्णन वाचून मला दुसरा प्रकार वाटतो. त्याचा उपाय छातीच्या पट्ट्यात. डिव्हाइसच्या वरच्या टोकापासून छातीपर्यंत जी लवचिक दोरी किंवा पट्टा असतो, त्याचं काम एवढंच की तू उभा राहिलास की डिव्हाइस तुझ्याबरोबर वर यावं. पट्टा सैल असेल तर डिव्हाइस मांडीवर लोळतं. खरं फार ताणलेला असेल तर धोका त्याहून मोठा. बऱ्याच डिव्हाइसना सोडायचा दांडा वरच्याच भागात असतो, आणि तू बसलास तरी पट्टा तो भाग वर खेचून धरतो, त्यामुळे डिव्हाइस अर्धवट उघडं राहतं आणि पुरतं धरतच नाही. म्हणून मोजमाप बसून घ्यायचं, उभं राहून नाही. दोरात पूर्ण वजन टाकून बस, पाठ सरळ ठेव, आणि पट्ट्यात दोन बोटं सहज फिरतील एवढी ढील ठेव. उभं राहिल्यावर तो ताठ झाला पाहिजे. गळ्यात अडकवायची गोल दोरी वापरत असशील तर ती ठरावीक ओढीला सुटणारी हवी. नायलॉनची पक्की दोरी गळ्यात घालून झाडावर जायचं नाही.

ब्रिज आणि कॅराबिनर हाही हिशेबाचा भाग आहे. फिरणारी कडी, त्यात मोठा कॅराबिनर, त्यात डिव्हाइस अशी माळ केलीस की प्रत्येक बसण्यात चार-पाच बोटं जातात. डिव्हाइस जेवढं ब्रिजच्या जवळ तेवढं चांगलं.

मग पायाचं तंत्र. एका पायाला फूट असेंडर (दोरावर वर सरकणारी, खाली न येणारी पकड) आणि दुसऱ्याला गुडघ्याचा असेंडर लावून जिना चढल्यासारखा चढत असशील, तर तू पायावर उभा असतोस तेव्हा तुझं वजन पायापासून वरपर्यंत दोरातच असतं. दोर ताठ आणि सरळ असतो. डिव्हाइसमधल्या खुंट्या त्याच सरळ रेषेत आल्या तरच ते त्या ताठ दोरावरून सरकतं. तू पाय पूर्ण सरळ व्हायच्या आत बसायला लागलास, किंवा मागे रेलून चढतोस, तर डिव्हाइसवर थोडं वजन राहतं, खुंट्या वाकड्या राहतात आणि ते ओढ धरतं. कंबर दोराला चिकटवून चढ. बऱ्याच जणांची पहिली तक्रार एवढ्यानेच जाते.

एवढं करून खडूची रेघ आत शिरत असेल तरच घर्षणाचा विचार सुरू करायचा, आणि तो करण्याआधी घर्षण येतं कुठून ते समजून घे. खोंडाचं दावं झाडाला दोन वेढे देऊन धरलं की पोरसवदा गडीही त्याला थोपवतो, हे आपण गावात बघतो. त्यामागचं गणित पक्कं आहे. वेढ्याचा कोन वाढला की पकड बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणाचा गुणांक ०.२५ धरला तर अर्ध्या वेढ्याला खालच्या एका किलोच्या ओढीवर वर सव्वादोन किलोच्या आसपास पेलतात, पूर्ण वेढ्याला पावणेपाच, आणि दोन वेढ्यांना तेवीस. तुझ्या डिव्हाइसमधल्या खुंट्या दोराला असेच उलटसुलट वाकवतात आणि वर एखाद्या ठिकाणी चिमटतात. स्क्रू एखादी खुंटी किंचित पुढे-मागे करतो, म्हणजे कोन थोडा बदलतो. गुणाकार असल्यामुळे थोड्या बदलाने फरक मोठा पडतो. एकदम दोन खुणा फिरवायच्या नाहीत ते यासाठीच.

या गणितातली दुसरी बाजू फारसं कुणी सांगत नाही. खालची ओढ म्हणजे डिव्हाइसखाली लोंबणाऱ्या दोराचं, शेपटाचं, वजन. ११.७ मि.मी.चा दोर मीटरला साधारण ९० ते १०० ग्रॅम भरतो. तू २० मीटरवर असशील तर शेपटाचं वजन दोन किलोच्या जवळ जातं आणि त्याला डिव्हाइस गुणतं. तू जमिनीजवळ आलास की शेपूट जमिनीवर पडलेलं, वजन जवळपास शून्य, आणि सगळी मदार डिव्हाइसच्या स्वतःच्या चिमट्यावर. म्हणून तेच डिव्हाइस तेच सेटिंग शेंड्याला चिकट वाटतं आणि शेवटच्या दोन मीटरांत निसटतं वाटतं. यात दोष काही नाही. खरं यावरून चाचणीचा क्रम ठरतो. पकड पुरते का हे जमिनीजवळ बघायचं, शेपूट जमिनीवर टाकून. उतरताना मोकळं चालतं का हे उंचावर बघायचं, शेपूट पूर्ण लोंबकळत ठेवून. फक्त खाली जुळवून वर गेलास तर वर अडकल्यासारखं वाटेल. फक्त वर जुळवून आलास तर खाली येताना शेवटी धप्पकन उतरशील. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर पकडीच्या बाजूने राहा. वर चिकट वाटलं तर शेपूट पायावर घेऊन किंवा खालच्या हाताने थोडं उचलून हलकं करता येतं. खालचं निसटणं मात्र हाताने भरून काढायचं नाही.

आता दोर. माझ्या मते तुझ्या तिसऱ्या तक्रारीचं अर्धं उत्तर तुझ्या दोरात आहे. नव्या दोराच्या धाग्यांवर कारखान्यातलं गुळगुळीत लेपण असतं, खोळ अजून गाभ्यावर बसलेली नसते. नवा दोर एखाद्या ठिकाणी निसटतो, दुसऱ्या ठिकाणी धरतो, आणि हाताला ते झटके म्हणून कळतं. नव्या दोरावर डिव्हाइस जुळवणं म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा जुळवणं. आधी दोर गार पाण्यात रात्रभर भिजव, सौम्य साबणाने धू, सावलीत वाळव. सोडा, ब्लीच, गरम पाणी नको. वाळल्यावर तो थोडा आखडलेला आणि जाड झालेला दिसेल. मग काही दिवस कमी उंचीवर साध्या कामाला वापर. खोळ गाभ्यावरून सरकत टोकाकडे येते, टोकाला मोकळी पिशवी लोंबायला लागते. तेवढं टोक कापून पुन्हा वितळवून घे. दोर बसला की व्हर्नियरने दोन-तीन जागी जाडी मोज आणि वहीत लिहून ठेव. वेष्टनावर छापलेली जाडी ठरावीक वजन टांगून मोजलेली असते, वापरलेला दोर डिव्हाइसमध्ये तेवढाच असेल असं नाही. डिव्हाइसवर लिहिलेल्या हद्दीत तो बसतो का ते वापरातल्या दोरावरूनही बघत जा.

दोराच्या जातीबद्दल एकदाच सांगतो. रविवार पेठेत मिळणारा निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर ट्रॉलीवर ऊस बांधायला ठीक. माणसाला नाही, आणि या डिव्हाइसमध्ये तर मुळीच नाही. पॉलिप्रॉपिलीन घर्षणाच्या उष्णतेने लवकर वितळतं. ट्रेकिंगवाल्या मित्राकडचा डायनॅमिक दोरही नको. तो पडलेल्या माणसाला अलगद थोपवायला ताणला जावा म्हणूनच बनवलेला असतो, त्यावर चढताना तू रबरावर नाचल्यासारखा वर-खाली होशील. झाडकामाचा किंवा ईएन १८९१ या युरोपियन मानकाचा, प्रकार ए चा, कमी ताणाचा कर्नमँटल (आत गाभा, वर खोळ असलेला) दोर घे. त्या मानकात ५० किलोवरून १५० किलोला ताण ५ टक्क्यांच्या आतच हवा.

ताणावरून आठवलं, झटक्यांचं उरलेलं उत्तर तुझ्या अँकरात, म्हणजे दोर कुठे बांधतोस त्यात, असेल. तू लिहिलंस की दोर वरच्या फांदीवरून टाकून बुंध्याला बांधतोस. म्हणजे तू पंधरा मीटरवर बसलास तरी काम करणारा दोर जमिनीपासून फांदीपर्यंत आणि फांदीपासून तुझ्यापर्यंत, इतका लांब. तेवढा जास्त ताण, तेवढी जास्त उसळी. तू दांडा दाबतोस, खाली जातोस, दोर हलका होऊन आखडतो, पुन्हा ताणतो, आणि तू म्हणतोस डिव्हाइस झटके देतं. तपासायचं असेल तर एकदा शेंड्यालाच गाठ मारून, म्हणजे दोर वरच्या फांदीला घट्ट बांधून उतरून बघ. झटके गेले तर डिव्हाइस निर्दोष. आणि बुंध्याला बांधलेल्या पद्धतीत वरच्या फांदीवर तुझ्या वजनाच्या जवळपास दुप्पट भार येतो हे विसरू नको. एक तुझा, एक बुंध्याकडून ओढणारा. सामानासकट ६५ किलो धरलास तर फांदीला सव्वाशेच्या पुढे, उसळलास की अजून जास्त. चिंच, आंबा, फणस यांच्या जाड, जिवंत फांद्या हे पेलतात. गुलमोहर, सिल्व्हर ओक आणि शेवगा यांच्यावर मी तसा अँकर धरत नाही, फांदी कितीही जाड दिसो. नीलगिरीतही वाळकी फांदी खालून हिरव्यासारखी दिसते, दुर्बीण लावूनच ठरव.

हाताचाही भाग आहे. दांडा एकदम दाबून सोडणं, पुन्हा दाबणं, ही सवय झटक्यांची जननी. खालचा हात दोरावर, वरच्या हाताने दांडा हळूहळू, दोर चालू झाला की तिथेच स्थिर. वेग खालच्या हाताने ठरवायचा. खालचा हात दोरावरून कधीच सोडायचा नाही. आणि सावकाश. ६५ किलो २० मीटर खाली आणले की सुमारे १२,७०० ज्यूल उष्णता कुठेतरी जायला हवी. ती डिव्हाइसमध्ये आणि दोराच्या खोळीत जाते. सावकाश उतरलास तर तिला पसरायला आणि हवेत निघून जायला वेळ मिळतो, सूर मारून आलास तर खुंटीच्या पृष्ठभागावरच साठते. साधं नायलॉन २२० अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिएस्टर २५० च्या वर, मऊ त्याआधीच पडतं. एकदा खोळ चकाकली आणि कडक झाली की दोराच्या तेवढ्या भागावर डिव्हाइस कायम निसटणार, आणि तू कारण स्क्रूत शोधत बसशील. वेगाने उतरून मध्येच थांबायचं असेल तर तापलेलं डिव्हाइस दोराच्या एकाच जागी ठेवून बसू नको.

जांबोटीचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो खरा आहे. कणकुंबी, आमगाव, जांबोटी या पट्ट्यात जूनपासून झाडाची साल शेवाळाने झाकलेली असते. दोर फांदीवरून एकदा ओढलास की त्यावर हिरवा बुळबुळीत थर येतो. त्यात जांभ्याची तांबडी माती. नायलॉन पाणी पितं, फुगतं, जड होतं, ताकदही थोडी उतरते. पॉलिएस्टर फारसं पीत नाही, पण वर पाण्याचा थर राहतोच. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकदम होतात. फुगल्यामुळे चढताना ओढ, आणि बुळबुळीमुळे धरायला उशीर. कॅम्पात कोरड्यात जुळवलेलं डिव्हाइस तिथे वेगळं वागणारच. यावर उपाय म्हणजे कोरड्याचं आणि ओल्याचं अशी दोन सेटिंगं वहीत लिहून ठेवणं, आणि ओल्याचं सेटिंग त्याच दोराला बादलीत बुडवून जमिनीजवळ काढणं. फांदीवर दोर थेट घासू देऊ नको, अँकरला कातडी किंवा कॅम्बियम सेव्हर (दोर सालीवर घासू न देणारा पट्टा) लाव. शेवाळ दोरावर कमी येतं आणि झाडाची सालही वाचते. मातीत दोराची रास टाकायची नाही, ताडपत्रीवर किंवा गोणीत भर. लाल मातीचे कण खोळीत शिरले की खुंट्यांना पॉलिश पेपरासारखे घासतात. डिव्हाइसची झीज आपल्याकडे कंपनीच्या अंदाजापेक्षा लवकर होते ती यामुळे.

फणसाबद्दल खास. मे-जूनमध्ये फणस उतरवायला किंवा फांद्या काढायला गेलास की चीक हाताला, दोराला, डिव्हाइसला लागतो. आपल्याकडे चीक काढायला घरोघरी खोबरेल लावतात, आणि हाताला तेच बरोबर. पण खोबरेलाचा हात डिव्हाइसला किंवा दोराला लागता कामा नये. तेल खुंटीवर एकदा बसलं की पकड किती गेली ते तुला वर गेल्यावर कळेल. चीक डिव्हाइसवरून काढायला कोमट साबणपाणी आणि जुना टूथब्रश, पुन्हा पुन्हा. दोरावर वाळलेला चीक नखाने सोलून मग धुवायचा. रॉकेल, थिनर, पेट्रोल काही नको. सांध्यांना वंगण द्यायला कंपनीने सांगितलं असेल तेवढंच, आणि दोराच्या वाटेत एक थेंबही नाही.

एवढं सगळं झालं, दोर बसला, पट्टा बसला, अँकर बदलून बघितला, आणि तरी खडूची रेघ आत शिरते, तर आता स्क्रू. प्रत्येक मॉडेलची रचना वेगळी, त्यामुळे कुठला स्क्रू काय करतो ते तुझ्या पुस्तिकेतच बघ. साधारण समज अशी ठेव: दोराला चिमटणारा भाग डिव्हाइस धरतं की नाही हे ठरवतो, दोराला वाकवणारा भाग उतरताना किती मोकळं चालतं हे ठरवतो. रेघ सरकत असेल तर चिमट्याकडचं आधी, एक खूण. धरतं पण उतरताना अडकतं, तर वाकवणाऱ्याकडचं एक खूण सैल. एका वेळी एकच, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा कंबरेएवढ्या उंचीवर बसून, उठून, पायाने थोडं उसळून बघ. कमरेला करवत अडकवून बघ, कारण कामाला तू रिकामा जात नाहीस. मूळ खुणेवर आणि तुझ्या खुणेवर रंगाचा बारीक ठिपका दे, म्हणजे पिशवीत हलून फिरलं असेल तर चढायच्या आधी दिसेल. या चाचण्यांना दुसरा स्वतंत्र दोर लाव आणि तो खालून एखाद्या जाणत्या माणसाच्या हातात दे. त्याच दोरावर डिव्हाइसखाली प्रुसिक (दोराला आवळून धरणारी गाठ) लावून चाचणी करू नकोस. तो प्रुसिक शेपूट ओढून धरतो आणि डिव्हाइस आहे त्यापेक्षा चांगलं धरतंय असं भासवतो.

सगळ्या खुणा संपल्या, तरी सरकतंय? मग तो दोर त्या डिव्हाइसचा नाही, किंवा खुंट्या झिजल्या आहेत. इथे आपल्या भागात एक मोह हमखास होतो. उद्यमबागेत लेथवर बसलेला माणूस तुझी खुंटी बघेल, मायक्रोमीटर लावेल आणि संध्याकाळपर्यंत किंचित जाड खुंटी बनवून देईल. मापात ती कंपनीच्या खुंटीपेक्षाही नेमकी असेल, बेळगावच्या कारागिरांबद्दल मला शंका नाही. पण मिश्रधातू कुठला, त्याला उष्णतेची प्रक्रिया कशी, वरचा कडक थर कसा, आणि भार टाकून ती तपासणार कोण? लेथवरची खुंटी, मधे घातलेला वॉशर, कानशीने काढलेली कड, यातलं काहीही केलंस की ते डिव्हाइस त्याच्यावर छापलेल्या मानकाचं राहत नाही. कंपनीचा सुटा भाग मिळत असेल तर मागव, मिळत नसेल तर डिव्हाइस निवृत्त.

तू नारळावर चेंबेरी यंत्र वापरतोस असंही लिहिलंस. केरळच्या कण्णूर जिल्ह्यातलं ते पायडलचं यंत्र, लोखंडी तारेचा फास बुंध्याला धरतो. त्यात जुळवायचं असतं ते मुख्यतः फास बुंध्याच्या घेराला बसवणं, आणि ते झालं की काम झालं. मला वाटतं तिथल्या सवयीमुळेच इथेही एक स्क्रू शोधतोयस. नारळाचा बुंधा सरळ आणि न बदलणारा. इथे तुझ्या हाताखालचा दोरच रोज बदलतो.

ज्यांच्याकडे दुसऱ्या जातीची डिव्हाइसं आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. पेट्झलच्या झिगझॅगमध्ये जुळवायचा स्क्रू नाही. ते मुळात दुहेरी, फिरत्या दोरासाठी आहे, जिथे वजन दोन पदरांत वाटलं जातं. एका दोरावर वापरायचं तर त्याला जुळणाऱ्या मॉडेलवर शिकेन हा घर्षण वाढवणारा जोडभाग लागतो. रोप रेंच वापरणाऱ्यांचं जुळवणं गाठीत असतं. अमेरिकेतल्या केविन बिंगहॅम यांनी काढलेली ती कल्पना म्हणजे गाठीच्या वर दोर वाकवून गाठीवरचा भार कमी करायचा. तिथे गाठीच्या दोरीची लांबी बोटभर कमी-जास्त केली, एखादा वेढा वाढवला की सगळं बदलतं. कार्ल प्रुसिकने १९३१ मध्ये मांडलेल्या गाठीपासून हे सगळं निघालं, आणि गाठ अजूनही स्वस्त, सुटसुटीत आणि डोळ्यांनी तपासता येणारी आहे. नवशिक्याने आधी गाठीवर हात बसवावा असं माझं मत आहे.

पावसाळ्यात झाडाजवळून हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, लाइन जात असेल तर सेटिंग वगैरे सोड. ओल्या दोरातून, ओल्या फांदीतून करंट येतो. लाइन बंद केली हे लाइनमनने समोर सांगितल्याशिवाय दोर टाकू नको. फोनवरचं "बंद केलंय, चढा" मी धरत नाही.

आता थोरल्या भावाचं. तुझं सेटिंग त्याला चालेल असं धरू नकोस. नुसत्या वाकवण्याने धरणाऱ्या रचनेत वजनाचा फरक कमी पडतो, पण चिमटणाऱ्या रचनेत ८२ किलो आणि वर करवत म्हणजे चिमटा घट्ट, उतरताना दांडा कडक, आणि कडक दांडा जोराने दाबला की एकदम सुटतो. त्याचा पट्टाही वेगळ्या मापाचा लागेल, त्याची पाठ लांब असेल. त्याच्यासाठी हीच सगळी चाचणी पहिल्यापासून कर, त्याची खूण वेगळ्या रंगाने लाव. डिव्हाइस हातात आलं की चढायच्या आधी ठिपका कुठल्या रंगावर आहे ते ज्याने त्याने स्वतः बघायचं, आणि कंबरेएवढ्या उंचीवर एकदा बसून मगच वर जायचं. परवडत असेल तर त्याला वेगळं डिव्हाइस घ्या. एकाच झाडावर दोघं असलात आणि वरचा अडकला, तर खालच्याला वर जाऊन त्याला उतरवायला स्वतःचं डिव्हाइस लागतंच.